ऑडी टीटीचं नाक वळतच नव्हतं: लसूडियाच्या अलाइनमेंटवाल्या काकांचा रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवतो, रिव्ह्यू लांब होणार आहे. ज्यांना फक्त निकाल पाहिजे त्यांच्यासाठी: काम एक नंबर, जीभ तिखट, वेळ खूप खातात, पाचपैकी चार स्टार. एक स्टार कुठे गेला ते खाली येईलच.

दुकान इंदूरला देवास नाक्याच्या पुढे लसूडिया मोरीच्या बाजूला, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांच्या मधे. बोर्डावर नाव-बिव काही नाही, नुसतं 'व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग, सस्पेन्शन काम', तेही अर्धं पुसलेलं. मालक आपलेच, मराठी, राजेंद्र नगरचे, पासष्टीचे तरी असतील. सगळे त्यांना काका म्हणतात म्हणून मीही काकाच म्हणतो. इंदूरमधे मराठी माणूस भेटला की आधी पाच मिनिटं 'तुम्ही मूळचे कुठले' होतंच, ते इथे झालं नाही. काकांनी गाडीकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय त्रास आहे?" डॉक्टरकडे गेल्यासारखं.

तर त्रास. माझ्याकडे २०१३ ची ऑडी टीटी आहे, सेकंड हँड, २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) क्वाट्रो (म्हणजे ताकद चारही चाकांना), २११ पीएस ताकदीची. लहानपणापासून डोक्यात बसलेली गाडी, चाळिशीत परवडली. सरळ रस्त्यावर काही बोलायलाच नको, सुपर कॉरिडॉरवर पहाटे सहाला काढली की माणूस हसतच घरी येतो. पण घाटात मजा जायची. महूवरून मंडलेश्वरकडे उतरणारा जाम दरवाज्याचा घाट आमचा रविवारचा ठरलेला. वळणावर स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी थोडी वळायची, मग नाक सरळ जायला लागायचं, मी अजून फिरवायचो, नाक अजून सरळ, टायर कुंईऽऽ करत रडायचे. एकदा आई सोबत होती, ती म्हणाली, "अरे याच्यापेक्षा आपली जुनी ॲम्बेसेडर बरी वळायची." त्या दिवशी अपमान झाला.

हेच ते अंडरस्टीअर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माहीत असलेल्यांनी पुढच्या पॅऱ्यावर जा. टायर ज्या दिशेला बघतोय आणि प्रत्यक्ष ज्या दिशेला जातोय त्यात वळताना नेहमी थोडा फरक असतो, रबर वाकतं ना, त्याला स्लिप अँगल म्हणतात. पुढच्या टायरांचा हा फरक मागच्यांपेक्षा जास्त झाला की गाडी वळणाच्या बाहेर बाहेर जाते, ते अंडरस्टीअर. मागच्यांचा जास्त झाला की शेपूट फिरते, ते ओव्हरस्टीअर. आणि रोडच्या टायरची पकड साधारण सहा ते दहा डिग्री स्लिपच्या आसपास सगळ्यात जास्त असते, त्याच्या पुढे तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, पकड वाढत नाही, उलट कमी होते. म्हणजे मी घाटात जे करत होतो, नाक जात नाही म्हणून अजून फिरवणं, ते जखमेवर मीठ होतं.

आता कंपन्या गाड्या मुद्दामच अशा बनवतात हेही खरं. सामान्य माणूस वळणावर घाबरला की ॲक्सिलरेटर सोडतो, सोडला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरांना पकड मिळते, गाडी परत लाइनीत येते. ओव्हरस्टीअरवाल्या गाडीत तेच केलं तर गाडी गरकन फिरून उलट्या तोंडाने उभी. टीटीच्या घराण्याला तर याचा इतिहासच आहे, पहिली टीटी १९९८ ला आली आणि जर्मनीत ऑटोबानवर जास्त स्पीडला मागून हलकी होऊन अपघात व्हायला लागले, मग ऑडीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉइलर लावला, ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी सिस्टिम) दिलं, सस्पेन्शन बदललं. त्यानंतर २००६ ची दुसरी पिढी, जी माझ्याकडे आहे, ती तर आणखी शहाणी. बॉडीत पुढे ॲल्युमिनियम आणि मागे मुद्दाम स्टील, का तर वजन थोडं मागे सरकावं म्हणून. तरी इंजिन आडवं आणि पुढच्या चाकांवरच, त्यामुळे नाक जडच. क्वाट्रो नुसतं नावाला, म्हणजे तसं नाही, पण यातलं हॅल्डेक्सवालं आहे, मुळात पुढची चाकं ओढणार, गरज पडली की मागे ताकद पाठवणार.

हे सगळं वाचून मी ठरवूनच टाकलं होतं की गाडीचा स्वभावच असा आहे, औषध एकच, मागची अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, वळणात गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी) जाड टाकायची. २८ हजारांना बाहेरून मागवली, खोका घेऊन काकांकडे गेलो. म्हणलं, काका, ही बसवून द्या.

काकांनी खोका उघडलाही नाही. गाडीला एक चक्कर मारली, पुढच्या डाव्या टायरपाशी उकिडवे बसले आणि तळहात टायरवरून फिरवला, बाहेरून आत, मग आतून बाहेर. मला म्हणाले, "हात ठेव." ठेवला. बाहेरून आत नेताना गुळगुळीत, आतून बाहेर ओढताना आरीच्या दातांसारखं खरखरीत. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं बरं का, नुसत्या हाताला कळत होतं. "टो-इन जास्त आहे," काका म्हणाले, "दोन्ही चाकं एकमेकांकडे बघत चाललीयेत, नवऱ्या-नवरीसारखी." मग टायरच्या खांद्यावरचा छोटासा त्रिकोण दाखवला. हा त्रिकोण मी आयुष्यात बघितला नव्हता. ट्रेड, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग, किती झिजलाय ते दाखवणारी पट्टी कुठे आहे ते त्या खुणेवरून कळतं, आणि वळताना टायर किती आडवा पडतो तेही तिथेच दिसतं. माझ्या टायरची घासलेली खूण त्रिकोणाच्या खाली, साइडवॉलवर उतरलेली. म्हणजे घाटात मी ट्रेडवर नाही, टायरच्या गालावर चालत होतो.

मग तारीख. टायरवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या पुढच्या जोडीवर २३१७. म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. मागची जोडी वेगळ्या कंपनीची आणि चार वर्षं नवी. आधीच्या मालकाने दोनच बदलले होते आणि नवे मागे टाकले होते. आता नवे मागे टाकायचे हा सल्ला चुकीचा नाही हां, पावसात मागची पकड आधी सुटू नये म्हणून सगळे तेच सांगतात, पण त्याचा अर्थ पुढे जुनं कडक रबर आणि मागे ताजं मऊ. अशा गाडीचं नाक वळणार कसं? नखाने दाबून बघितलं तर पुढचा टायर बाटाच्या चपलेच्या सोलसारखा.

मी म्हणलं, पण काका, मी तर दोनच महिन्यांपूर्वी अलाइनमेंट केलंय, प्रिंट आहे माझ्याकडे, सगळं हिरवं. (हे दुसऱ्या ठिकाणी केलं होतं, चकाचक एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, नाव घेत नाही.) काकांनी प्रिंट बघितली आणि हसले. "हिरवं म्हणजे पास. डिस्टिंक्शन नाही." प्रिंटवर पुढचा कॅम्बर (चाक उभ्या रेषेपासून किती डिग्री कललंय ते, उणे म्हणजे वरचं टोक आत) डावीकडे उणे ०.३ आणि उजवीकडे उणे १.०, दोन्ही हिरव्या पट्ट्यात. तिथल्या मुलाने तेव्हा मला सांगितलं होतं, "भिया, इसमें आगे का कैंबर फिक्स आता है, कुछ नहीं होता." अर्धं खरं आहे. या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचं सस्पेन्शन आहे, कॅम्बर एकेका चाकाचा वेगळा सेट करायची सोय कंपनीने दिलेली नाही. पण सबफ्रेमचे (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या सांगाड्याचे) बोल्ट सैल करून अख्खी सबफ्रेम आडवी मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकवता येते, मग एका बाजूचा जितका कमी होतो तितका दुसऱ्या बाजूचा वाढतो. वेळखाऊ काम आहे, ८०० रुपयांत कोण करणार?

मग काकांनी असा प्रश्न विचारला की मला उत्तरच देता येईना. "उजव्या वळणाला जास्त बाहेर जाते की डाव्या?" मी लगेच म्हणलं डाव्या. "नक्की?" नक्की म्हणजे, डाव्या वळणाला भीती जास्त वाटते. काका म्हणाले, "ते भीतीचं सांगितलंस. गाडीचं सांग."

आणि मला घरी पाठवलं. खरंच. बार बसवली नाही, मशीनवर घेतली नाही, पैसे घेतले नाहीत, उलट होमवर्क दिलं. दोरी घे, वीस मीटरचा गोल आख, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी हळूहळू स्पीड वाढवत फिर, कोणत्या स्पीडला नाक रेघ सोडतं ते लिहून आण. मला राग आला होता खोटं नाही सांगत, लसूडियापर्यंत ट्रकांमधून येऊन-जाऊन दीड तास, हाती गृहपाठ.

पण केलं. मेहुण्याच्या ओळखीने एका गोदामाचं काँक्रीटचं अंगण रविवारी मिळालं, मोठं, आजूबाजूला काही नाही. मधे एक खुंटी, वीस मीटर दोरी, मुलाच्या शाळेचे खडू, सहा संपले. स्टिअरिंगच्या डोक्यावर पांढरी टेप लावली. हळू फिरताना टेप घड्याळात साधारण पावणेचारला होती. स्पीड वाढवत नेला तशी त्याच रेघेवर राहायला टेप चार, सव्वाचार, पाच. वेग वाढतो तसं त्याच वळणाला स्टिअरिंग जास्त जास्त लागतं, हीच अंडरस्टीअरची व्याख्या, कागदावर कितीदा वाचली होती, पण पांढरी टेप डोळ्यासमोर खाली उतरताना बघितली तेव्हा कुठे टाळक्यात शिरलं. बायको मधे उभी राहून व्हिडिओ काढत होती आणि दर फेरीला विचारत होती, झालं का, ऊन चढतंय.

निकाल: डावीकडे फिरताना ४१ ला नाक सुटलं, उजवीकडे ३९ लाच. म्हणजे ज्याची भीती वाटत होती ते नव्हे, उलटंच. आणि विचार केला तर सरळ आहे, आपण डावीकडून चालतो, डाव्या वळणाला गाडी बाहेर गेली तर समोरून येणाऱ्याच्या लेनमधे जाते, म्हणून छातीत धस्स होतं, उजव्या वळणाला फार तर कच्च्यात. पण गाडी खरी कच्ची उजव्या वळणालाच, कारण उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या पुढच्या चाकावर, आणि डाव्या चाकाचा कॅम्बर ०.३, जवळजवळ उभाच. गाडी झुकली की तो टायर गालावर आडवा. काकांना हे प्रिंट बघताच कळलं असणार, मला मात्र खडू लावून शोधायला लावलं.

दुसरी फेरी. चारही टायर नवे, एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे, पायलट स्पोर्ट ४, २४५/४० आर १८, बिल साधारण ७२ हजार. टायर काका विकत नाहीत, मी बाहेरून घेतले. हॅल्डेक्सवाल्या गाडीत पुढे-मागे टायरचा व्यास सारखा ठेवणं तसंही बरं, नाहीतर सिस्टिमला वाटत राहतं की चाकं वेगळी फिरतायत. मग अलाइनमेंट. इथे काकांचं खरं काम दिसलं. टाकी अर्धी आहे का बघितली, हवा थंड टायरमधे मोजली, आणि माझ्या वजनाइतकी सिमेंटची अर्धी-मुर्धी पोती ड्रायव्हर सीटवर ठेवायला लावली. (माझं वजन विचारलं, मी ७८ सांगितलं, त्यांनी ८५ चं ठेवलं. बरोबर होतं.) मग खालून सबफ्रेमचे बोल्ट सैल, कांब लावून एक हलका धक्का, मशीनवर बघ, परत अर्धा धक्का. त्यांचा मुलगा स्क्रीनवर आकडे वाचतोय, "डावा चार, डावा पाच, डावा सहा, बस बस". शेवटी डावा उणे ०.६, उजवा उणे ०.७. आकडे बघून हसाल, इतकासाच, पण दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

पुढची टो जवळजवळ ०.३ डिग्री आत होती, ती शून्यावर आणली. याने नाक पहिल्या सेकंदाला आळस करायचं सोडतं, म्हणजे स्टिअरिंग हलवलं आणि गाडी हलली यातलं अंतर कमी होतं. मी शहाणपणा केला, म्हणलं मागची टो पण शून्य करून टाका. काका स्क्रीनवरून नजर न काढताच म्हणाले, "विमा आहे का?" मागची चाकं थोडी आत बघत असली की शेपूट शांत राहते, ती शून्यावर आणून अंडरस्टीअर कमी होईलही, पण ओल्या रस्त्यावर एकदा ॲक्सिलरेटर पटकन सोडला की मागून धडा मिळेल. मागची थोडीच कमी केली, ०.५ वरून ०.३.

हवा हा आमच्या भांडणाचा विषय. माझ्या टायरांत पंपावाल्याने चारहीत ४० पीएसआय भरून ठेवलेली, मोठी गाडी, जास्त हवा. आणि इंदूरच्या मे महिन्यात सकाळी भरलेली हवा दुपारी घाटात गेल्यावर चढतेच, टायर पाच-सहा डिग्री तापला की साधारण एक पीएसआय वाढतो, मी एकदा मोजलं तर ४६ झाली होती. फुग्यासारखा टायर, मधल्या पट्टीवर चालतोय. काकांनी सगळ्यांत गाडीवरच्या कंपनीच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरली, आणि मी म्हणत होतो की मागे दोन जास्त ठेवू म्हणजे नाक अजून वळेल. ते नाही म्हणाले. मी घरी जाऊन ठेवली. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं, पुढे स्टिकरइतकी आणि मागे दोन जास्त, कोरड्या रस्त्याला फरक कळतो. पण पुढची हवा स्टिकरच्या खाली उतरवू नका, काही लोक सांगतात तसं, साइडवॉल आणखी वाकते आणि परत गालावर.

परत त्याच अंगणात, तोच गोल, नवे खडू. दोन्ही बाजूंना ४४. तुम्ही म्हणाल ४० चं ४४, ७२ हजारांत चार किलोमीटर? पण वळणाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग १० टक्के वाढला म्हणजे पकड २१ टक्के वाढली. वीस मीटरच्या गोलाचा हिशोब केला तर ०.६३ जी वरून ०.७६ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला जोर). धुळीच्या काँक्रीटवर. मला हा आकडा बघून दोन दिवस झोप नव्हती आली, आनंदाने.

आता एक स्टार. दुसऱ्या फेरीनंतर घरी जाताना बायपासवर लक्षात आलं की गाडी सरळ जातेय पण स्टिअरिंग थोडं डावीकडे वाकडं. सबफ्रेम हलवली की स्टिअरिंग परत मध्यावर आणावं लागतं, घाईत राहून गेलं असणार. परत लसूडिया, परत ट्रक, परत अडीच तास बाकावर, पंखा नाही, बाथरूमचं विचारू नका. ठीक केलं पण त्याचेही ५०० लावले, म्हणाले दोन्ही टाय रॉड (स्टिअरिंग चाकांना जोडणारे दांडे) परत फिरवावे लागले. अहो तुमचीच चूक ना! मी बोललो तसं. काका म्हणाले, "चूक माझी, मेहनत मुलाची, मुलाला दे." मुलाला दिले. मुलगा हसत होता. एकूण अलाइनमेंटचे २८०० घेतले होते, बाकी ठिकाणच्या तिपटीहून जास्त, आणि बिल वहीच्या कागदावर.

याच तिसऱ्या फेरीला काका गाडीत बसले, म्हणाले चल, चालव, बघू. मी त्यांना देवास नाक्याच्या पुढच्या एका रिकाम्या रस्त्याने नेलं, एक मोठं उजवं वळण होतं, मी आपला नेहमीसारखा आत शिरलो आणि वळणातच दाबला. काका शांतपणे म्हणाले, "टायरचा पगार ठरलेला असतो."

म्हणलं म्हणजे?

"महिन्याला शंभर रुपये. वळायला खर्च कर, ब्रेकला कर, नाहीतर ओढायला कर. तू वळणात सत्तर खर्च केलेस, वरून ॲक्सिलरेटर दाबून चाळीस मागतोयस. कुठून आणणार? उधारी कोणी देत नाही."

यापेक्षा चांगलं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही, आणि मी याच्यावर इंग्रजीत ढीगभर वाचलंय, गोल काढून फ्रिक्शन सर्कल वगैरे. वरून दाबलं की वजन मागे जातं, पुढचे टायर हलके होतात, म्हणजे पगारही कापला. काकांची पद्धत: ब्रेक सरळ रस्त्यावर लवकर आणि जोरात, मग वळायला सुरुवात करताना पाय एकदम उचलायचा नाही, चिंचेचं बोटुक चोखल्यासारखा हळूहळू सोडायचा, म्हणजे नाकावर वजन टिकून राहतं. नाक वळलं, बाहेर पडायचा रस्ता दिसला, स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की मग तेवढ्याच प्रमाणात दाबायचं. आणि नाक सुटलंच तर पाय थोडा सैल, आणि हे मला सगळ्यात अवघड गेलं, स्टिअरिंग किंचित परत सोडायचं. भिंतीकडे जाताना स्टिअरिंग भिंतीच्या दिशेने सोडायचं! हाताला पटतच नाही. पण सोडलं की टायर परत चावतो, स्पष्ट जाणवतं, हातातलं स्टिअरिंग हलकं पडलेलं असतं ते परत जड होतं. माझी मात्र गेली दोन वर्षं ईएसपीच लाज राखत होतं, नाक जायला लागलं की ते मागचं आतलं चाक ब्रेक करून गाडी ओढून वळवतं. मला वाटायचं मी चालवतोय.

ईएसपी घाटात कधीच बंद करत नाही, तुम्हीही करू नका, आणि रिकामं अंगण मिळत नसेल तर हे गोलाचे प्रयोग रस्त्यावर नकोत. आपल्या पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ पासून चालू, पण तो कंपन्यांच्या टेस्टिंगसाठी, आपण बाहेरूनच गेट बघायचं.

बारचं काय झालं? चार महिने माळ्यावर, दिवाळीच्या साफसफाईत बायकोने विचारलं हे काय आहे, त्या लाजेने जाऊन बसवली. काकांनी या वेळी मुकाट बसवली, नरम भोकात (बार कमी-जास्त कडक करायला वेगवेगळी भोकं असतात). काम करते ती. वळणात मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार घेते, तेवढा पुढच्या बाहेरच्या चाकाचा कमी होतो, आणि टायरचं असं आहे की भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, म्हणून पुढच्या दोघांत भार सारखा वाटला गेला तर पुढची एकूण पकड वाढते. गोलावर ४४ चं ४५ झालं. गाडी झुकते कमी, दिसायला भारी वाटतं. पण जाम दरवाज्याच्या खाली जिथे रस्ता उखडलाय तिथे आतलं मागचं चाक टपटप उडतं, आणि पहिल्या पावसात एका डाव्या वळणावर शेपूट अशी हलली की गाडीत होतो ते दोघंही काही बोललो नाही दहा मिनिटं. २८ हजारांचा फरक नाही तो. पहिल्यापासून बारच बसवली असती तर जुन्या टायरांचं आणि वाकड्या कॅम्बरचं दुखणं झाकलं गेलं असतं, आणि पुढचे टायर तसेच कडक, मागची पकड कमी केलेली. म्हणजे नाक वळलं असतं ते शेपूट कच्ची करून.

कोणी जावं? ज्यांच्या गाडीची ओढ एका बाजूला आहे, टायर एकीकडून खातंय, किंवा माझ्यासारखा वळणाचा किडा आहे. ज्यांना तासाभरात काम, गुळगुळीत बिल आणि 'सर सर' पाहिजे त्यांनी अजिबात जाऊ नका, भांडण होईल. मारुती-ह्युंदाईलाही तितकंच मन लावून करतात, मी असताना एका जुन्या स्विफ्टवर पाऊण तास घालवला, मालक कंटाळून पोहे खायला गेला, परत आला तरी चालूच होतं.

मंगळवारी सकाळी जा, तेव्हा ट्रकवाले कमी असतात. आणि गाडी बुटकी असेल तर घरून दोन लाकडी फळ्या घेऊन जा, रॅम्पचा कोन असा आहे की माझा पुढचा बंपर पहिल्याच दिवशी घासला, काका म्हणाले फळ्या मागवल्यात. गेल्या महिन्यात परत गेलो तेव्हाही मागवलेल्याच होत्या.